मुलुंडच्या मशीनची पूजा

संघमित्रा वाहुळे कंपनीत नेमकं काय काम करते, असं आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. बहुतेक जण सांगतील, "ती पासवर्ड देते ना." उरलेले विचारतील, "कोण संघमित्रा?" आणि रोज सकाळी या सगळ्यांना गेटमधून आत सोडते ती हीच बाई. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी सौरभ, तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. हेल्पडेस्कचे फोन मी उचलतो. म्हणजे लोकांच्या शिव्या आधी मी खातो आणि माझं पोट भरलं की उरलेल्या तिच्याकडे पाठवतो. आमची कंपनी पंप बनवते आणि विकते. मुख्य ऑफिस अंधेरीला मरोळच्या बाजूला, कारखाना मुलुंडला आणि शाखा देशभर. एवढ्या सगळ्या माणसांची मिळून एक डिरेक्टरी आहे. कोण कंपनीत आहे, कुठल्या विभागात आहे, त्याचा साहेब कोण, त्याला कुठलं दार उघडायचं, हे सगळं तिच्यात असतं. कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी डिरेक्टरीला विचारतो, हा माणूस आपला का? गेट विचारतं, कँटीनचं मशीन विचारतं, मेला प्रिंटरसुद्धा विचारतो. डिरेक्टरी हो म्हणाली तर तुम्ही आहात. नाही म्हणाली, तर गेटवर उभं राहून कितीही छाती बडवा, तुम्ही नाही.

ही डिरेक्टरी संघमित्रा सांभाळते. बारा-तेरा वर्षं झाली. तिच्या आईला हे काम काही केल्या समजत नाही. त्या दोघीच वाकोल्याला राहतात. मूळच्या हिंगोलीकडच्या, पण संघमित्रा जन्मापासून वाकोल्याचीच. आईने एकदा विचारलं, "म्हणजे मतदार यादीसारखं का गं?" संघमित्रा म्हणाली, "हो, तसंच. फक्त इथं माणसं मत देत नाहीत, नुसती ओरडतात."

ओरडतात हे खरंच. एक साहेब पासवर्ड बदलतात आणि घरच्या टॅबवर जुनाच ठेवतात. तो टॅब कपाटात पडल्या पडल्या रात्रंदिवस जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतो, डिरेक्टरीला वाटतं चोर आलाय, आणि ती साहेबांचं खातं बंद करते. साहेब मला फोन करून सांगतात, तुमच्या सिस्टीमची वाट लागली आहे. संघमित्रा तो टॅब शोधून काढते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कुणाची बदली होते पण साहेबाचं नाव बदलत नाही, मग त्याचे रजेचे अर्ज नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे जाऊन पडतात. कुणी म्हणतो, मला सगळ्या फोल्डरचे अधिकार दे, दोनच दिवस. ते दोन दिवस कधी संपत नाहीत. या सगळ्याबद्दल ती वर मेल लिहिते. नीट, मुद्देसूद, कुणाचा अपमान न करता. तिचे मेल वाचणारा माणूस मी एकटा, कारण ती मला कॉपीत ठेवते.

मला राग येतो. तिला येत नाही, आणि त्याचा मला आणखी राग येतो. "मित्रा, भांड ना एकदा," मी म्हणतो. ती म्हणते, "भांडून झालं रे सौरभ. तू नवीन होतास तेव्हा."

या सगळ्या ओरडणाऱ्यांत एक माणूस वेगळा होता. मुलुंडच्या कारखान्यातल्या स्टोअरचे रतन भोईर. दर महिन्याला त्यांचा फोन ठरलेला. फोन आधी माझ्याकडे यायचा, पण मला ते काही सांगायचेच नाहीत. "मॅडमना द्या."

"मॅडम, पासवर्ड गेला."

"कुठे गेला, भोईरकाका?"

"काय माहीत. काल इथंच होता."

मग ती नवा बनवून द्यायची. सोपा द्या, असा त्यांचा हट्ट. ती सांगायची, सोपा चालत नाही काका, एक मोठं अक्षर लागतं, एक आकडा, एक चिन्ह. "चिन्ह कशाला, मी काय निवडणुकीला उभा आहे?" असं ते म्हणायचे आणि इकडे ही हसायची. तिला हसवणारा ऑफिसात तेवढा एकच फोन होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. आवाजाचीच ओळख, पण त्यांच्या बायकोचं नाव विनिता आहे, घर भांडुपला आहे आणि पावसात त्यांचा उजवा गुडघा धरतो, हे सगळं हिला माहीत होतं. आणि तिची आई दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जाते हे त्यांना.

गेल्या मार्चअखेर कंपनीने मुलुंडचं स्टोअर ठेकेदाराला दिलं. तिथल्या माणसांना घरी पाठवलं. एचआरकडून नावं आली, ती संघमित्राने डिरेक्टरीतून काढायची. त्यात भोईरकाका होते. तिने काढली. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना मला म्हणाली, "आजचं काम सगळ्यात सोपं होतं. कुणाचा फोन नाही, काही नाही. नाव निवडायचं आणि दाबायचं." त्या आठवड्यात ती जेवायला खाली कँटीनमध्ये आली नाही.

आता मशीनचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या मशीनने केलं.

डिरेक्टरी एकाच मशीनवर नसते. तिच्या नकला चार-पाच ठिकाणच्या मशीनवर असतात आणि ती मशीनं सतत एकमेकांना विचारून आपापली नक्कल ताजी ठेवतात. कोण आला, कोण गेला. एखादा गेला की ही खबर सगळीकडे फिरते आणि काही महिने जपून ठेवलेली असते, म्हणजे कुणाच्या कानावर पडायची राहिली असेल तर पडावी. मुलुंडला असंच एक जुनं मशीन होतं. ते थकलं म्हणून संघमित्राने फेब्रुवारीतच बंद केलं आणि लिहून कळवलं की हे पुसून भंगारात टाका, चुकून कधी सुरू करू नका. भंगारात टाकायला अकाउंट्सची परवानगी लागते. तिने मागितली. पुन्हा मागितली. मे महिन्यात अकाउंट्सने विचारलं की हे मशीन कुणाच्या नावावर आहे. जूनमध्ये तिने कळवलं. त्यानंतर तिकडे सामसूम. मशीन मुलुंडच्या ऑफिसात कोपऱ्यात तसंच, वायरीसकट.

दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला ऑफिसात पूजा असते आणि मुलुंडला तर कारखानाच, तिथे लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. तिथली व्यवस्था राजेश बघतो. चांगला माणूस आहे, श्रद्धाळू आहे, दुसऱ्याच्या पोरांच्या बारशालाही रांगोळी काढायला जाईल. त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरना माळा घातल्या आणि त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. एवढी वर्षं त्या मशीनने आपली सेवा केली, त्याला यंदा माळ नाही? आणि बंद मशीनची पूजा कशी करायची? त्याच्या आजवरच्या रीतीप्रमाणे यंत्र चालू करायचं, दिवे लागले की हात जोडायचे. त्याने बटण दाबलं. मशीन घरघरलं, हिरवा दिवा लागला. राजेशने कुंकू लावलं, माळ घातली, आणि सणाच्या दिवशी बंद करणं बरं दिसत नाही म्हणून चालूच ठेवून घरी गेला.

संघमित्रा त्या दिवशी आईला घेऊन नागपूरला निघाली होती. दसऱ्याचा दिवस तिच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. रजा तिने दोन महिने आधी टाकलेली.

इकडे मुलुंडचं मशीन जागं झालं. ते फेब्रुवारीत झोपलेलं. मार्चअखेर कुणाला काढलं हे त्याला ठाऊकच नाही, आणि ती खबर जपून ठेवायची मुदतही उलटून गेलेली. त्याने बाकीच्या मशीनांना सांगितलं, ही माणसं आपल्याकडे आहेत. आणि आमच्यातल्या कुणीतरी फार पूर्वी केलेल्या एका सेटिंगमुळे बाकीच्यांनी ते मुकाट्याने ऐकलं. ते सेटिंग बदला असंही संघमित्राने लिहिलं होतं. मी वाचलं होतं.

काढलेली माणसं परत आली. नुसती आली नाहीत, तर डिरेक्टरीत नवं नाव दिसलं की त्या माणसाच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जातो, तोही गेला. आपले खाते सुरू झाले आहे, कामावर हजर झाल्यावर लॉगिन करावे, अशा अर्थाचा. बहुतेकांनी तो पुसून टाकला असेल. एकाने नंतर मला फोन करून असं काही सुनावलं की ते इथे लिहिता येत नाही. भोईरकाकांनी मात्र पेढे घेतले आणि सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी मुलुंडच्या गेटवर जाऊन जुनंच कार्ड लावलं, जे मार्चमध्ये कुणी परत मागितलं नव्हतं.

गेट हिरवं झालं.

वॉचमन ओळखीचाच. त्याने विचारलं, "काय काका, परत?" काका म्हणाले, "बोलावलं रे." गेट उघडलं म्हणजे वरून आलेलंच असणार, असं वॉचमनला वाटलं, राजेशला वाटलं, ठेकेदाराच्या माणसांनाही वाटलं. कुणी एकाने सुद्धा अंधेरीला फोन करून विचारलं नाही. कशाला विचारेल? माणसाचा शब्द असता तर शंभर जणांनी तपासला असता.

संघमित्रा नागपूरहून आली त्या दिवशी सकाळी मीच राजेशचा फोन घेतला. फोनवर हात ठेवून तिला म्हटलं, "मुलुंडचा राजेश आहे. भोईरकाकांचा प्रिंटर चालत नाही म्हणतो."

तिने मान वळवली. "कोणाला?"

मी पुन्हा सांगितलं. तिने फोन घेतला नाही. डिरेक्टरी उघडली, बघत राहिली, आणि मग अगदी हळू विचारलं, "त्याला विचार, कोपऱ्यातलं मशीन चालू आहे का?" राजेश खूश झाला. म्हणाला, "हो, झकास चाललंय, पूजा केली ना."

मशीनची वायर तिने तिथल्या तिथे राजेशला काढायला लावली. मग दिवसभर बसून परत आलेली नावं एकेक करून पुन्हा काढली. संध्याकाळी मी तिच्या स्क्रीनवर वाकून पाहिलं. एक नाव तिने ठेवलं होतं.

"मित्रा."

"माहीत आहे."

"हे कुणी पाहिलं तर?"

"मला दोन दिवस दे. राजेश म्हणतो, स्टोअरला माणूस कमी आहे. तो लेखी देईल. एवीतेवी ते आत आलेच आहेत, तर कुणीतरी सही करून टाकेल. आपल्याकडे बाहेरच्या माणसाला आत घ्यायला सहा सह्या लागतात. आतल्याला आत ठेवायला एक पुरेल."

बारा वर्षांत मी तिला पहिल्यांदा कुणासाठी काही मागताना पाहिलं. राजेशने खरंच लिहून दिलं. तिने ते एचआरला पाठवलं, वर स्वतःचे चार शब्द. उत्तर लगेच आलं, जे आमच्याकडे कधी येत नाही. त्या पदाची जागाच आता अस्तित्वात नाही, त्यामुळे त्या जागी कोणी असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मग ती अनिरुद्धकडे गेली. अनिरुद्ध आमचा साहेब, तिच्याहून लहान, मनाने वाईट नाही. शुक्रवारी ऑडिट होतं आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. मी दाराशीच होतो.

"एक नाव आहे अजून," तो म्हणाला.

"राहू दे ना," ती म्हणाली. "स्टोअरला माणूस हवाय. राजेशने लिहून दिलंय."

"राजेशच्या लिहिण्याने काय होणार? पगार कुठून निघेल? संघमित्रा, तो माणूस आत आला तो एका चुकीमुळे. उद्या ऑडिटवाला विचारेल की हा कोण, तर मी काय सांगू, दसऱ्याची पूजा होती?"

"तो रोज येतो रे. काम करतो."

"म्हणूनच लवकर काढ. जितके दिवस येईल तितकं त्याला जड जाईल."

हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मला तो माणूस त्या क्षणी अजिबात आवडला नाही, पण चूक नव्हतं. ती मग म्हणाली, "आज काढते. पण मी तिथे जाऊन सांगणार. उद्या सकाळी सगळ्यांदेखत गेट लाल व्हायला नको." तो म्हणाला, जा.

आम्ही रिक्षाने गेलो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खणलेलं, रिक्षा एकेका खड्ड्याला नमस्कार करत चाललेली, आणि ही लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरून बसलेली. मी काही विनोद करून पाहिले. एकही चालला नाही.

स्टोअरमध्ये भोईरकाका शिडीवर होते. बारीक, उंच, पांढऱ्या मिशा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "कोण पाहिजे?" त्यांनी वरूनच विचारलं.

"काका, मी संघमित्रा."

आवाज ऐकला आणि ते घाईघाईने उतरले, दुखऱ्या गुडघ्यावर. "मॅडम, तुम्ही? अहो, तुम्ही तर एवढ्याशा आहात. मला वाटायचं, चांगल्या उंचनिंच असाल." त्यांनी पुढ्यातली खुर्ची पुसली, पेढ्याचा पुडा काढला, त्यात दोनच उरले होते. एक तिला, एक मला. मी माझा खिशात ठेवला.

तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मशीन, पूजा, राजेशची माळ, मेसेज आपोआप कसा गेला, सगळं. एचआरला लिहिलं होतं तेही आणि काय उत्तर आलं तेही. ते ऐकत होते. मध्येच चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू दिसल्याशिवाय नीट ऐकू येणार नव्हतं.

"म्हणजे बोलावलं नव्हतं कुणी."

"नाही, काका."

"मार्चमध्ये नाव कुणी काढलं होतं?"

"मीच."

"आणि आता?"

"आताही मीच काढणार."

त्यांनी शिडी उचलून भिंतीला लावली. टेबलावरचा कॉम्प्युटर बंद करायला वाकले आणि तसेच थांबले. म्हणाले, "मॅडम, एक सांगू? या वेळी मी तुम्हाला फोन केला नाही, लक्षात आलं का?"

तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. एवढ्या वर्षांत ज्या माणसाला पासवर्ड महिनाभर आठवला नाही, तो सहा महिन्यांनी येऊन बसला, लॉगिन केलं, आणि आमच्याकडे फोन आला तो फक्त प्रिंटरचा.

"घरी बसल्यावर रोज सकाळी एकदा म्हणून बघायचो," ते म्हणाले. "मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं. विनिता म्हणायची, हा काय जप लावलाय. म्हटलं, उद्या बोलावलं तर? मी पुन्हा विसरलेला असायचो. तुम्हाला परत त्रास."

संघमित्रा रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि ती आवाज न करता रडते हे मला माहीत नव्हतं. काकाच म्हणाले, "असू द्या. तुमच्या हातात असतं तर तुम्ही ठेवलं असतं, मला ठाऊक आहे." मग ते म्हणाले, "एवढं करा. मी गेटमधून बाहेर पडेपर्यंत थांबा."

आम्ही थांबलो. त्यांनी पिशवी घेतली, राजेशला हाक मारून येतो म्हणाले, वॉचमनशी काहीतरी बोलले, कार्ड लावलं. गेट हिरवं झालं. ते कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले तरी ती लॅपटॉप उघडून तशीच बसलेली होती. मग तिने दाबलं. नक्की काढायचं का, असं डिरेक्टरी पुन्हा एकदा विचारते. तिने हो म्हटलं.

जाताना तिने ऑफिसात जाऊन कोपऱ्यातल्या मशीनवरची सुकलेली माळ उतरवली. राजेश बिचारा भिंतीला टेकून उभा होता. "मॅडम, मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणत होता. ती म्हणाली, "माहीत आहे रे." भंगाराची परवानगी दुसऱ्या दिवशी आली. ऑडिटवाल्याने विचारलं होतं म्हणून. सोमवारी टेम्पो येऊन मशीन घेऊन गेला आणि ते सेटिंगही बदललं गेलं. अनिरुद्धने तिच्या कामाचं कौतुक करणारा मेल सगळ्यांना पाठवला. त्यात तिच्या आडनावाच्या जागी दुसऱ्याच कुणाचं होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी हेल्पडेस्कचा फोन वाजला. बाहेरचा नंबर होता. मी उचलला.

"मॅडम आहेत का?"

मी आवाज ओळखला. ती मीटिंगमध्ये होती, तसं सांगितलं. काही काम होतं का, काका?

"नाही, काम काही नाही," ते म्हणाले. "त्यांना एवढंच सांगा, मी विसरलेलो नाही. पुढच्या दसऱ्याला पुन्हा कुठे काही झालंच, तर."

टेम्पो मशीन घेऊन गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही. संघमित्रा आल्यावर निरोप दिला. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पुढची तक्रार उघडली. कुणाचं तरी खातं पुन्हा बंद पडलं होतं.